मोहरीची उशी

माझं कपाळ कापूरबावडीला दुखायला लागतं, मानपाड्याला ठणकतं आणि वाघबीळ येईस्तोवर ऑफिस, सोसायटी, सरकार सगळ्यांचाच राग यायला लागतो. कारण एकच, हेल्मेट. तिसरं आहे हे. एम घेतलं तर कपाळात रुततं, एल घेतलं तर मी मान वळवतो आणि हेल्मेट समोरच बघत राहतं. दुकानदार म्हणाला, "चार दिवसांत सैल होईल साहेब." चौथा महिना चालूय.

रविवारी शेवटी स्टीलची वाटी घेऊन आतला थर्माकोल कपाळापाशी दाबायला बसलो, तेवढ्यात भाचा आला, तो प्रॉडक्ट डिझाइन शिकतोय, आणि ओरडलाच. "मामा, धडकेत तोच तर दबून मार खातो! एकदा दबला की परत फुगत नाही, मग नुसतं टोपलं घालून फिर."

मग त्याने माझं डोकंच मोजायला काढलं. टेपने घेर ५८ सेंटीमीटर, म्हणजे एमच. पण तो म्हणे घेर सारखा असला तरी आकार वेगळा असतो, दुकानातली बहुतेक हेल्मेटं थोड्या लांबट डोक्यांना धरून असतात. मला भिंतीला टेकवून कपाळाला गुण्या लावला, मग दोन्ही कानांच्या वर एकेक जाड पुस्तक दाबलं (एक आईची पाककृतींची वही होती, तिला फोडणीचा वास). लांबी १९, रुंदी साडेसोळा. रुंदीला लांबीने भागून गुणिले १००, आले ८७. ८० च्या वर गेलं की डोकं गोल धरतात म्हणे. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक युनिव्हर्सिटीत रॉजर बॉलच्या टीमने दोन हजारांवर चिनी डोकी थ्रीडी स्कॅन केली, तीही पाश्चात्त्य डोक्यांपेक्षा गोल आणि मागून चपटी निघाली. म्हणजे कपाळ धरून बसणारा जगात मी एकटाच नाही, एवढं ऐकूनच अर्धं डोकं उतरलं.

आई किचनमधून बाहेर आली ती अभिमानानेच. "गोल येणारच! सहा महिने मोहरीच्या उशीवर निजवलाय, आणि वर रोज तेल लावून थापायचे ते वेगळंच."

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

मग भाच्याचं मोजलं. ७८. त्याच्या वेळी डॉक्टरांनी बाळाला उशी नको म्हणून सांगितलं होतं आणि ताईने आईने शिवलेली उशी तशीच परत पाठवली होती, त्याचा राग अजून आहे. त्याला दुकानातलं पहिलंच हेल्मेट बसलं, ऐरोलीपर्यंत गाणी म्हणत जातो.

आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "बिचारा."