पाचपट दंड आणि पर्थची साक्ष

राखीव वनात अवैध खाणकाम करणाऱ्यांवर फौजदारी खटले कशाला, जबर दंड घ्या आणि विषय संपवा, असा युक्तिवाद आमच्या सिंधुदुर्गातली शिकलेली मंडळी हल्ली करू लागली आहेत, आणि ‘परदेशात सगळे दंडावरच चालते’ हे वाक्य माझा हवाला देऊन खपवतात. पर्थमध्ये राहून लोहखनिजाच्या पगारावर घर चालवणाऱ्या मला ही साक्ष मान्य नाही.

इकडे दंड चालतो, कारण तो वसूल होतो आणि त्यामागे परवाना जाण्याची भीती असते. आपल्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पंचनामा होतो, डंपर अडकतो, यथावकाश सुटतो आणि ती रक्कम पुढच्या खेपांच्या खर्चात धरली जाते. वनसंवर्धन कायद्याच्या कलम ३अ मध्ये तर कमाल शिक्षाच पंधरा दिवसांची साधी कैद आहे. म्हणूनच, परवानगीविना वाळू उपसणाऱ्यांवर खनिज कायद्याखेरीज चोरीचाही गुन्हा नोंदवता येतो, हा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेला निर्वाळा मला मोलाचा वाटतो. घरफोडी करणाऱ्याला कोणी पाचपट किंमत घेऊन सोडत नाही.

खटले रखडतात, हा आक्षेप खरा आहे. बळ्ळारीच्या राखीव वनात अतिक्रमण केल्याचा आरोप असलेल्या ओबुळापुरम खाणप्रकरणी सीबीआयने २००९ मध्ये गुन्हा नोंदवला आणि विशेष न्यायालयाचा निकाल लागला मे २०२५ मध्ये. पण त्यावर उपाय म्हणजे न्यायालयात टिकेल अशी हद्दीची मोजणी आणि तयारीचा सरकारी वकील. गुन्ह्याचा दर ठरवून देणे नव्हे.

इकडचे उदाहरण द्यायचेच तर जुकान दरीचे द्यावे. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने पिलबरा या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या लोहखनिजाच्या पट्ट्यातल्या, ४६,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वास्तव्याच्या खुणा असलेल्या गुहा सुरुंगाने उडवल्या, त्याही रीतसर परवानगीने. वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली, तुरुंगात कोणी गेले नाही. हे मी गावी फारसे सांगत नाही, कारण मग विचारणा होते, की तिथल्या डोंगरांवर पोट भरणारा तू आमच्या डोंगरासाठी तुरुंग का मागतोस. सरळ उत्तर माझ्यापाशी नाही. पिलबराचे डोंगर मला कधी आपले वाटले नाहीत. जिथे मला आता मतदानाचाही हक्क नाही, तिथले मात्र वाटतात. तेव्हा डंपर पकडल्याची पुढची बातमी आली, की दंड किती झाला हे मी विचारणार नाही; चोरीचे कलम लागले का, आणि ते मालकावर लागले की फक्त चालकावर, एवढेच विचारणार आहे.