मशीन थांबतं तेव्हा माणूस काय शोधत असतो

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक वाद हमखास पेटतो, आठवड्याला किती तास काम करावं हा. एक बाजू म्हणते तास वाढवल्याशिवाय प्रगती नाही, दुसरी म्हणते माणसं आधीच पिचलीयेत, आणि मग कोणीतरी मला टॅग करतं की तू जर्मनीत आहेस ना, तू सांग, तिकडे कमी तासांत एवढं उत्पादन कसं निघतं. मी काही टाइप करायच्या आत उत्तरंही येतात, तिकडची माणसं जात्याच शिस्तीची, तिकडे सगळं ऑटोमॅटिक, आपल्या लोकांना घाईच नसते वगैरे. मी नऊ वर्षं इथे प्लास्टिकचे पार्ट्स बनवणाऱ्या प्लँट्समधे काम करतेय, इंजेक्शन मोल्डिंग म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरायचं, आणि मला ही तिन्ही उत्तरं चुकीची वाटतात.

इथे आल्यावर पहिल्या महिन्यात मला काम दिलं होतं मोल्ड चेंजची, म्हणजे मशीनवरचा साचा बदलायची, वेळ लिहायचं. जुन्या मोल्डचा शेवटचा चांगला पीस निघाल्यापासून नव्या मोल्डचा पहिला ओके पीस निघेपर्यंत किती मिनिटं जातात ते. वेळ लागला २ तास १० मिनिटं. सेटर, म्हणजे मोल्ड बदलणारा, वीस वर्षांचा अनुभवी माणूस, एकदाही बसला नाही, उलट सारखा धावत होता. पण धावत होता कशासाठी, तर पाना आणायला, क्रेन दुसऱ्या मशीनवर अडकलेली म्हणून विचारायला, पाण्याचे पाइप कुठल्या नंबरचे ते शोधायला. आणि सगळं बसवून झाल्यावर कळलं की मटेरियल ड्रायरमधे टाकलेलंच नाही, नायलॉन नीट सुकवायला काही तास लागतात, मग दुसऱ्या मशीनच्या ड्रायरमधून तात्पुरतं आणलं. माणूस शिस्तीचा, मशीन महागाचं, आणि तरी दोन तास दहा मिनिटं.

हा बदलायचा वेळ कमी करण्याच्या पद्धतीचं मूळ जपानमधे आहे आणि ते मला फार आवडतं कारण ते एका हरवलेल्या बोल्टपासून सुरू होतं. १९५० मधे शिगेओ शिंगो नावाचे इंजिनियर हिरोशिमाला तोयो कोग्यो, म्हणजे आजची माझदा, तिथे मोठ्या प्रेसचं काम बघायला गेले होते. प्रेस कमी पडतायत, नवीन घ्यायला हव्यात असं तिथल्या लोकांचं म्हणणं. शिंगोंनी ८०० टनाच्या प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलताना बघितलं, तर डाय बसवायचा एक बोल्ट सापडेना, कामगार तासाभराहून जास्त वेळ गायब, आणि शेवटी आला तो दुसरीकडचा लांब बोल्ट कापून त्याला आटे पाडून. तेवढा वेळ प्रेस उभी. तिथे त्यांनी कामाचे दोन भाग केले, मशीन थांबवूनच करता येतं ते इंटर्नल आणि मशीन चालू असतानाच उरकून ठेवता येतं ते एक्स्टर्नल. बोल्ट शोधणं हे एक्स्टर्नल. सगळी पद्धत एवढ्या एका फरकावर उभी आहे, बाकी त्याच्या फांद्या.

ग्रुपवरच्या 'जात्याच शिस्त' वाल्यांसाठी पुढचा भाग. १९६९ मधे टोयोटात १००० टनाच्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे, आणि तशाच प्रेसवर जर्मनीत फोक्सवॅगन ते दोन तासांत करत होती. सहा महिने खपून टोयोटाने ते दीड तासावर आणलं, मग वरून हुकूम आला की आता तीन मिनिटं, आणि अजून तीन महिन्यांत ते तीन मिनिटांवर आलं. नऊ महिन्यांपूर्वी जर्मनांच्या दुप्पट वेळ लावणारी माणसं हीच! या नऊ महिन्यांत त्यांचं रक्त बदललं नव्हतं, कामाचा क्रम बदलला होता.

आणि क्रम बदलणं म्हणजे बरेचदा साध्याच गोष्टी असतात. शिंगोंचा एक मुद्दा मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते, पंधरा आट्यांचा बोल्ट पंधरा वेळा फिरवावा लागतो पण घट्ट बसतो तो शेवटच्या फेऱ्यात आणि सैल होतो तो पहिल्याच फेऱ्यात, म्हणजे बाकीचे चौदा फेरे वाया. मग यू आकाराचा वॉशर घालता येतो, क्लॅम्प लावता येतो. आम्ही काय केलं, तर मोल्ड आधीच बाजूला आणून गरम करून ठेवायला लागलो, पाण्याच्या पाइपांना क्विक कपलिंग, म्हणजे झटक्यात बसणारे जोड, लावली, ड्रायर कधी सुरू करायचा ते प्लॅनिंगच्या कागदावरच लिहायला लागलो, आणि रंगांचा क्रम फिकट ते गडद ठेवला, कारण काळ्यानंतर पांढरं घेतलं तर मशीनची बॅरल, म्हणजे प्लास्टिक वितळतं ती नळी, साफ होईपर्यंत किलोच्या किलो मटेरियल फेकावं लागतं. २ तास १० मिनिटांवरून २६ मिनिटं. ऑटोमेशन शून्य. खर्च झाला तो कपलिंग, क्लॅम्प आणि एका ट्रॉलीचा.

माझा एक वर्गमित्र भारतात प्लँटमधे शिफ्ट सांभाळतो, तो म्हणाला अगं पण आम्ही मोल्ड बदलतोच कमी, एकदा लावला की आठवडाभर चालवतो, मग काय फरक पडतो. मला वाटतं खरी गडबड इथे आहे. तो कमी बदलतो कारण बदलायला वेळ लागतो! हिशोब बघा, एका पीसला एक मिनिट आणि बदलायला १२० मिनिटं धरली तर १०० च्या लॉटमधे, म्हणजे एका वेळी सलग १०० पीस काढले तर, पीसमागे २.२ मिनिटं पडतात, १००० च्या लॉटमधे १.१२, म्हणून सगळे हजार-हजार काढतात आणि गोडाऊन भरतात. तेच बदलायला ९ मिनिटं लागली तर १०० च्या लॉटमधेच १.०९ होतं, म्हणजे शंभर काढणं हे आधीच्या हजारांपेक्षा स्वस्त पडतं. मग ग्राहकाला हवं ते हवं तेव्हा देता येतं आणि खराब माल निघाला तरी तो हजार निघायच्या आत कळतो.

कारखान्याबाहेरही हेच चालतं. १९७२ मधे साउथवेस्ट एअरलाइन्सला आपल्या चार विमानांतलं एक विकावं लागलं आणि उरलेल्या तिनात चाराचं वेळापत्रक चालवायला त्यांनी विमान दहा मिनिटांत परत उडवायला सुरुवात केली. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलने तर हृदयाच्या ऑपरेशननंतर मूल आयसीयूत सोपवण्याची पद्धत फॉर्म्युला वन शर्यतीच्या पिट क्रूकडून, म्हणजे गाडी थांबली की टायर बदलणाऱ्या टीमकडून, शिकून बदलली, कोण कुठे उभं राहणार, कोण काय जोडणार, कोण कधी बोलणार हे सगळं ठरवलं. २००७ मधे छापलेल्या अभ्यासात एका हँडओव्हरमधल्या तांत्रिक चुका सरासरी ५.४ वरून ३.२ वर आल्या आणि वेळ १०.८ मिनिटांवरून ९.४. मला यातला चुकांचा आकडा महत्त्वाचा वाटतो, वेळ तर थोडाच कमी झाला. ग्रुपवर जो टायर बदलण्याचा व्हिडिओ फिरतो, मॅकलारेन या फॉर्म्युला वन टीमचा २०२३ चा १.८० सेकंदांचा, त्यात लोक वेग बघतात. मला दिसतात ती जवळपास वीस माणसं, प्रत्येकाला एकच काम, आणि गाडी यायच्या आधी जागेवर आलेले टायर.

आता इथली वाईट बाजूही सांगते, नाहीतर परदेशाचं कौतुक एवढंच वाटेल. मी आधी ज्या कंपनीत होते तिथे बदलायचा वेळ निम्म्यावर आला आणि दोन महिन्यांत मॅनेजमेंटने तीन सेटरपैकी एक कमी केला. ज्यांच्या सूचनांमुळे वेळ वाचला त्यातलाच एक. त्यानंतर उरलेल्या दोघांनी एकही सूचना दिली नाही आणि का द्यावी, वर्षभरात आकडे परत वर गेले. इथे युनियन आहे, कायदे आहेत, तरी हे झालं. त्यामुळे कोणी मला विचारलं की वाचलेल्या वेळातून किती माणसं कमी होतील तर मी बोलणंच थांबवते, कारण वेळ कुठे जातो ते बघायला मोल्ड बदलतानाचा व्हिडिओ काढतात, आणि त्या प्रश्नाचा वास सेटरला कॅमेरा लावायच्या आधीच लागतो.

वर्गमित्राला मी हेच फोनवर सांगितलं, की व्हिडिओ काढ, पण त्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून सांग की यातून कोणाचीही नोकरी जाणार नाही, आणि हे तुझ्या वरच्या माणसाने सांगायला हवं, तू नाही. तो म्हणाला साहेब तयार होणार नाहीत. मग मी म्हटलं मग अजून व्हिडिओ काढू नकोस. मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, साहेब बोलले, सगळ्यांसमोर बोलले, आणि पहिला व्हिडिओ १ तास ४८ मिनिटांचा आहे, त्यात मशीनजवळ माणूसच नाही अशी ५१ मिनिटं आहेत. व्हिडिओ सेटरने स्वतः बघितला आणि त्याने पहिली मागणी केली ती हत्यारं ठेवायला स्वतःच्या ट्रॉलीची.