बाबांच्या गोळ्या, वॅगनआर आणि ‘च’

शनिवारी रात्री नऊला मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्याच गाडीत काचा वर करून बसलेला असतो. एसी बंद, कानात इअरफोन, मोबाईल समोरच्या स्टँडला. पहिल्या आठवड्यात वॉचमनकाकांनी काचेवर टकटक केली. “सायब, बरं वाटत नाही का?” आता ते लांबूनच हात करतात. सोसायटीत काय कुजबुज आहे माहीत नाही, म्हणून मीच सांगून टाकतो. मी समुपदेशक बाईंशी बोलत असतो. गेले सात महिने.

नाही, मोठं काही झालेलं नाही. नोकरी शाबूत, संसार शाबूत, रात्री झोपही लागते. झालं ते एवढंच. आई गेल्यावर बाबांना सांगलीहून पुण्याला आणलं. त्यांच्या गोळ्यांसाठी सात वारांचे सात कप्पे असलेली डबी आणली. एका गुरुवारी सकाळी विचारलं, “काल गोळ्या घेतल्या?” म्हणाले, “घेतल्या की.” डबी उघडली, तर बुधवारचा कप्पा तस्साच भरलेला. मी ती डबी ओट्यावर आपटली. गोळ्या सगळ्या स्वयंपाकघरभर. ब्याऐंशी वर्षांचा माणूस काही न बोलता काठी भिंतीला टेकवून खाली बसला आणि फ्रिजखाली गेलेली गोळी बोटांनी चाचपडू लागला.

मी ऑफिसला निघून गेलो. त्यांना उठवलं बायकोनं.

त्या रात्री एक ॲप डाउनलोड केलं. नाव सांगत नाही. पहिल्या महिन्यात तिथे तीन समुपदेशक बदलले. तिघंही सभ्य, तिघंही इंग्रजीत. माझं इंग्रजी वाईट नाही, दिवसभर त्याच भाषेत क्लायंटशी भांडतो. पण बाबांवर मी इंग्रजीत चिडत नाही हो! “चिडचिड”, “कानकोंडं होणं”, “जीव मेटाकुटीला येणं” यांतलं एकही धड सांगता येईना. मी ‘फ्रस्ट्रेटेड’ म्हणायचो, पलीकडून त्यांना समजल्याचं सांगितलं जायचं आणि पन्नास मिनिटं संपायची. पॅकेजचे पैसे बुडवून मी बाहेर पडलो. मग मित्राच्या ओळखीतून नाशिकच्या मॅडम मिळाल्या.

पहिल्याच वेळी त्यांनी माझा राहता पत्ता आणि घरच्या एकाचा नंबर लिहून घेतला. मला वाटलं, हे कशाला? तर म्हणाल्या, तुम्ही पडद्यावर आहात, उद्या काही बरंवाईट झालं तर मी नाशिकहून काय करणार? तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला बोलावं लागेल. हे आधीच सांगून टाकलं. त्या क्षणी विश्वास बसला. (मध्येच त्यांच्याकडे कुकरची शिट्टी होते. त्यानं तर जास्तच बसला.)

मला वाटत होतं, त्या सल्ला देतील. वडिलांशी प्रेमानं वागा, दीर्घ श्वास घ्या वगैरे. त्यांनी विचारलं, “डबी आपटायच्या आधी मनात नेमकं कुठलं वाक्य होतं? जसंच्या तसं सांगा.” दोन-तीन वेळा टोलवल्यावर निघालं : “मी एवढं करतो, तर यांनी ऐकायलाच पाहिजे.”

“यातला ‘च’ काढून परत म्हणा.”

यांनी ऐकायला पाहिजे. म्हणून बघितलं. वाक्य तेच, पण त्यातली वाफ गेली होती. ऐकायला पाहिजे, खरंय. नाही ऐकलं तर वाईट वाटेल. पण म्हणून डबी आपटावी असं काही त्यात उरलं नव्हतं.

मॅडमच्या पद्धतीला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात ती मांडली. आपल्याकडे ती रुजवण्यात मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांचा मोठा वाटा, आणि ठाण्यात 1990 पासून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं हा विषय मराठी घरांत नेला. सूत्र असं की घटनेमुळे थेट भावना येत नाही, मधे आपला विचार उभा असतो. म्हणून मी वहीत तीन रकाने आखतो : काय घडलं, मनात काय आलं, पुढे काय झालं. मधला रकाना भरायला सगळ्यात जड जातो. एलिसचा रोख ‘मस्ट’वर होता. इंग्रजीत त्याला अख्खा शब्द लागतो, आपण एका अक्षरात काम उरकतो. आठवडाभर माझे ‘च’ मोजले. मुलानं अभ्यास केलाच पाहिजे, बॉसनं मेल वाचलाच पाहिजे, सिंहगड रोड मोकळा असलाच पाहिजे. शेवटच्यावर मॅडमही हसल्या.

म्हणून माझं ठाम मत आहे (‘च’ न लावता सांगतोय) : समुपदेशक शोधताना ॲपचे स्टार नंतर बघा, आधी बघा की आपण ज्या भाषेत घरात ओरडतो ती भाषा या माणसाला येते का. ऑनलाइनचा खरा फायदा तोच. चंदगडात किंवा न्यू जर्सीत बसून मराठी माणूस गाठता येतो. नाहीतर दोन खोल्यांच्या घरात ऑनलाइन म्हणजे शिक्षाच. दाराला कडी लावली की तीन जण विचारतात, काय झालं? म्हणून पार्किंग.

दुसरं, शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, ती विचारा. दोन दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून बसलेलेही मी पाहिलेत. आणि समुपदेशक गोळ्या लिहून देत नाहीत. झोप-भूक उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरकडे जायचं, माझ्यासारखं गाडीत बसून भागत नाही. पैशांचीही अडचण खरी आहे, मी एका वेळेला बाराशे मोजतो. ते जमत नसतील तर 14416 लावा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

माझी चिडचिड संपली का? छे. गेल्या रविवारीच रिमोटवरून आवाज चढला. फरक इतकाच की अर्ध्या वाक्यात माझा मलाच ‘च’ ऐकू आला.

परवा बाबांनी विचारलं, “शनिवारी गाडीत बसून कुणाशी बोलतोस रे?” सांगून टाकलं. डबीसकट. माफीही मागितली, जी त्या गुरुवारीच मागायची होती. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या तक्रारी सांगायला तू बाराशे रुपये देतोस?”

“हो.”

“लेका, मला सांगायच्या की. मी फुकटात ऐकल्या असत्या.”