आपल्या तक्रारीला उत्तर: गंज, धार, मूठ आणि सैल म्यान

सप्रेम नमस्कार.

आमच्या ९ सेंटिमीटर पात्याच्या बिनघडीच्या चाकूविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि सोबतची चारही छायाचित्रे मोठी करून पाहिली. आठ दिवसांत पात्यावर गंज आला, धार बोथट झाली, ती बाहेरून लावून घेतल्यावरही दोन दिवसांत गेली, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत नाही आणि म्यान इतके सैल आहे की चाकू निसटून आपल्या पायाजवळ पडला, अशा आपल्या तक्रारी आहेत. ‘स्वस्ताईच्या नावाखाली भंगार विकले’ असे आपण शेवटी म्हटले आहे. ते वाक्य मला लागले. पण त्यामागचा आपला संताप मला समजतो, म्हणून प्रत्येक मुद्द्याचे उत्तर इथेच सर्वांसमोर देतो.

सुरुवात म्यानापासून करतो, कारण ती तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि इजा होण्याचा धोकाही तिच्यातच होता. आपला अभिप्राय वाचल्यावर त्याच खेपेतली शिल्लक म्याने मी काढली, एकेकात चाकू घालून ती उलटी धरली आणि हलकेच झटकली. पंधरांपैकी चार म्यानांतून चाकू सरळ खाली आला. चामड्याच्या म्यानात चाकू टिकतो तो म्यानाच्या तोंडाने मुठीला आवळून धरल्यामुळे. या खेपेचे चामडे नेहमीपेक्षा पातळ निघाले आणि ती पकड ढिली राहिली. माल बाहेर पाठवण्यापूर्वी हे आमच्या नजरेला यायला हवे होते. ते आले नाही, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. त्या खेपेची विक्री थांबवली आहे आणि ज्यांच्याकडे ती म्याने गेली आहेत, त्या सर्वांना आम्ही स्वतःहून कळवत आहोत. आपल्याला जाड चामड्याचे नवे म्यान विनामूल्य मिळेल.

गंजाच्या बाबतीत चूक आमची आहे, परंतु ती पोलादाची नव्हे, सांगण्याची आहे. या चाकूचे पाते साध्या कार्बन पोलादाचे आहे. त्यात सुमारे १ टक्का कार्बन असतो आणि क्रोमियम जवळजवळ नसतेच. पोलाद न गंजणारे म्हणवून घ्यायला त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागते, म्हणजे आपल्या चाकूला गंजापासून वाचवणारे काहीही पोलादाच्या आत नाही. त्याला वाचवायचे ते कोरड्या फडक्याने आणि तेलाच्या थेंबाने. ही माहिती आम्ही खोक्यातल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत दिली होती. विकत घेण्यापूर्वी ती ग्राहकाला दिसत नव्हती आणि हे योग्य नव्हते. आता चाकूच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत ‘हे पाते गंजते’ असे स्पष्ट लिहिले आहे. हे माहीत असूनही आम्ही हेच पोलाद वापरतो, कारण ते साध्या दगडावर चटकन धार घेते आणि कमी किमतीत त्याला पाणीही (म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण करणे) चोख देता येते. खर्च वाचवायचा तर तो पॉलिशमध्ये आणि वेष्टनात वाचवावा, पाणी देण्यात एका पैशाचीही काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या पहिल्या छायाचित्रात पात्याच्या पोटावर जो राखाडी, ढगासारखा डाग दिसतो, तो मात्र अपायकारक नाही. आंबट फळ कापल्यावर कार्बन पोलादावर असा थर धरतोच आणि तो जसजसा दाट होतो तसतसे लाल गंजाला पाते कमी दाद देते. तो घासून काढू नये, अशी विनंती आहे. दुसऱ्या छायाचित्रातले तांबूस ठिपके वेगळे आहेत. ते नीट पाहिले तर पात्यावर सगळीकडे नसून, म्यानाची शिवण जिथे पात्याला टेकते त्या बाजूने ओळीने उमटले आहेत. ओलसर पाते म्यानात गेले की चामडे तो ओलावा शोषून धरून ठेवते, आणि चामडे कमावताना वापरलेल्या क्षारांचीही त्यात भर पडते. हे ठिपके अजून वरवरचे दिसतात. तेल लावून अगदी बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घासल्यास निघतील. यापुढे म्यान केवळ बाळगण्यापुरते वापरावे आणि चाकू ठेवून द्यायचा असेल तेव्हा तो म्यानाबाहेर, कोरडा ठेवावा.

धारेविषयी थोडे सविस्तर लिहितो. पहिल्यांदा धार गेली ती डब्याचे पत्र्याचे झाकण उचकटताना, असे आपणच लिहिले आहे. दोन्ही बाजूंनी साधारण १८ अंशांत घासलेली बारीक धार कापण्यासाठी असते. तिला आडवा पीळ बसला की ती दुमडते किंवा तिचा टवका उडतो, मग चाकू कितीही महागडा असो. दुसऱ्यांदा धार का टिकली नाही, याचे कारण आपल्या तिसऱ्या छायाचित्रात आहे. टोकाकडच्या धारेलगत नखाएवढ्या रुंदीची एक चकचकीत निळी पट्टी दिसते. आधीचा राखाडी डाग मंद आणि पसरट आहे, ही निळाई मात्र केवळ धारेला धरून आहे. ती उष्णतेची आहे. विजेच्या कोरड्या चाकावर धार लावताना पाते पाण्यात बुडवून थंड केले नाही, तर पातळ कड क्षणात तापते. आमचे पाते पाणी दिल्यानंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसवर तापवून चिवट केलेले असते आणि त्याची कठीणता रॉकवेल मापावर ६० च्या आसपास राहते. निळा रंग येतो तो ३०० अंशांच्या आसपास. तेवढ्या भागाचे पाणी उतरले, पोलाद मऊ पडले आणि म्हणूनच ती धार दोन दिवसांत बसली. ज्यांनी धार लावून दिली त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. असे चाक घाईच्या कामासाठी सर्रास वापरले जाते.

मुठीच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही. पोलाद मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीचे नसणे हा कमीपणा नव्हे. स्वीडनमधील मोरा येथील साधे, स्वस्त कामाचे चाकू पिढ्यान्पिढ्या मुठीत अरुंद पोलाद ठेवूनच बनत आले आहेत आणि सुतारकामात ते उत्तम टिकतात. लाकूड फोडण्यासाठी पात्यावर हातोडा मारायचा असेल तर हा चाकू त्या कामाचा नाही, हे मान्य. पण तसा दावा आम्ही केलेला नाही.

पात्याचा निळा पडलेला भाग पाणी घालून वापरायच्या धारेच्या दगडावर हाताने झिजवून काढावा लागेल. त्यात पाते एखादा मिलिमीटर अरुंद होईल, परंतु त्याखालचे पोलाद शाबूत आहे असे मला छायाचित्रावरून वाटते. हे काम आम्ही करून देऊ आणि दोन्ही बाजूंचा पाठवणीचा खर्चही आम्हीच सोसू. चाकू पाहिल्यावर मऊपणा आणखी खोलवर गेलेला आढळला, तर नवा चाकू देऊ. आपल्याला यांपैकी काहीच नको असेल, तर सैल म्यानाच्या कारणास्तव पूर्ण पैसे परत मिळण्याचा आपला हक्क आहे आणि त्यासाठी वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. खरेदीच्या पावतीवर आमचा क्रमांक आहे, त्यावर केवळ आपला निर्णय कळवावा. चाकू पाठवायचा असल्यास त्या म्यानात घालून पाठवू नये. पात्याला तेल लावून, जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून घट्ट चिकटपट्टी लावावी आणि टोकाकडे पुठ्ठा दुहेरी दुमडावा, म्हणजे पाकीट उघडणाऱ्याच्या हाताला ते लागणार नाही.