कॅव्हेलियरचे केस मशीनने काढून टाका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल पाळणारे बरेच जण तो एकमेकांना पाठवतायत. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऊन वाढलं की मशीन फिरवून सगळे केस बारीक करून टाका, कुत्रा गार राहतो, ब्रशची कटकट संपते, केस काही महिन्यांत होते तसे परत येतात, मधे गुंता झालाच तर आंघोळ घालून खोबरेल तेल चोळा म्हणजे सुटतो, कान सफाचट केले की इन्फेक्शन होत नाही, आणि कुत्रा खाजवत असेल तर ते लांब केसांमुळेच. वाचायला सोपं वाटतं म्हणून लोक करून मोकळे होतात आणि त्रास त्या बिचाऱ्या जिवाला होतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी गार राहण्याचं बघू. आपल्या सगळ्या अंगाला घाम येतो त्यामुळे आपल्याला वाटतं केस गेले की वारा लागणार आणि बरं वाटणार. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीला, अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती धापा टाकून, जिभेवरचं आणि तोंडातलं पाणी उडतं त्यातून. पाठीवरचे केस काढले म्हणून हे काम सोपं होत नाही. उलट ब्लेनहाइम (पांढऱ्यावर तांबूस डाग) आणि ट्रायकलर (काळा, पांढरा, तांबूस) या रंगांच्या कुत्र्यांच्या पांढऱ्या भागाखालची कातडी बऱ्याचदा गुलाबीच असते, केस गेले की तिच्यावर थेट ऊन पडतं आणि ती भाजते. त्यात कॅव्हेलियरचं नाक आखूड आणि हृदयाच्या झडपेचा आजार या जातीत फार जास्त, म्हणजे ज्याच्यासाठी धाप टाकणंच कष्टाचं आहे त्याला सावली, पाणी आणि फिरायला नेण्याची वेळ हे तीन सांभाळावं लागतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ सेल्सियस, ते ४१ च्या वर गेलं तर हीटस्ट्रोक, तिथे हेअरकट काही कामाचा नाही. केस मोकळे विंचरलेले असले की हवा कातडीपर्यंत पोचते, गुंता झालेला कोट, म्हणजे अंगावरचे केस, मात्र खरंच गरम होतो, तेव्हा गरमीवर उपाय हवा असेल तर तो कंगव्यातच आहे.

केस होते तसे परत येतात, हेही सरसकट खरं नाही. काहींचे येतात. पण बऱ्याच स्पॅनियलना मशीन लागलं की रेशमी सरळ केसांच्या जागी मऊ लोकरीसारखे फुललेले केस येतात, आणि नसबंदी झालेल्या कुत्र्यांमध्ये तर कोट आधीच तसा लोकरी व्हायला लागलेला असतो, त्यात मशीन म्हणजे भरच. हे लोकरी केस जास्त गुंततात. म्हणजे कटकट संपवायला केस काढले आणि कटकट दुप्पट झाली! कानांची, पायांची, शेपटीची लांब झालर, जिला फेदरिंग म्हणतात, ती परत वाढायला कितीतरी महिने जातात, कधी वर्षाच्या वर. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने ही जात १९९५ मध्ये स्वीकारली, त्यांच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या ठरवलेल्या वर्णनात, तर ट्रिमिंगच मान्य नाही, फक्त पंजाच्या खालच्या बाजूला गाद्यांमधले केस काढलेले चालतात. आपल्याला शोमध्ये उतरवायचं नसेल तर तो नियम बांधील नाही हे खरं, पण गाद्यांमधले केस मात्र सगळ्यांनीच काढावेत, गुळगुळीत फरशीवर पाय घसरत नाहीत आणि तिथे माती-खडे अडकून गोळे होत नाहीत.

आता गुंत्याचं, यावर जरा जास्त लिहिते कारण सगळं इथेच बिघडतं. आंघोळ घातली की गुंता सुटतो, असं अजिबात होत नाही, पाणी लागून वाळला की तो आणखी घट्ट होतो, आत शॅम्पू आणि ओल राहते आणि खालची कातडी लाल होते. म्हणून गुंता आधी सोडवायचा, आंघोळ मग. आणि बहुतेक जण ब्रश करतात तो वरवरचा, वरून कोट चकचकीत दिसतो आणि कातडीलगत नमदा, म्हणजे केसांचा दाबून बसलेला घट्ट थर, तयार होत असतो. केस एका हाताने वर धरायचे, खालून एक-एक पातळ थर सोडत मुळापासून टोकापर्यंत पिन ब्रश फिरवायचा आणि शेवटी धातूचा कंगवा, कंगवा कातडीपासून सरळ निघाला तरच झालं समजायचं, अडकला तर तिथे अजून गाठ आहे. कोरड्या केसांवर ओढू नका, तुटतात, आधी थोडा कंडिशनर स्प्रे मारा. गाठ दिसली की तिच्या मुळाशी बोटांनी केस पकडून ठेवायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही, मग टोकाकडून सुरुवात करून हळूहळू वर यायचं. कात्री घेऊन गाठ कापायला जाऊ नका, कातडी गाठीत ओढली गेलेली असते आणि ती कुठे संपते ते दिसत नाही, असे कापलेले कुत्रे डॉक्टरांकडे टाके घालायला येतात. हमखास गुंतणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत, कानांच्या मागे, बगलेत, जांघेत, मांड्यांच्या मागच्या झालरीत आणि जिथे हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घासतो तिथे. घरी आल्यावर हार्नेस काढून ठेवला तरी निम्मा त्रास कमी होतो. रोज पाच-दहा मिनिटं या जागा बघितल्या आणि अख्खं अंग आठवड्यातून दोन-तीनदा नीट विंचरलं तर पुरे. आणि ते दातेरी डीशेडिंगचं ब्लेड कृपया या कोटवर वापरू नका, गळणारे केस निघतात तसे वरचे चांगले केसही कापले जातात.

खोबरेल तेलाने केस चिकट होतात, धूळ धरतात, आणि धूळ धरली की पुन्हा गाठ. शिवाय कुत्रा अंगावरचं सगळं चाटतो. कॅव्हेलियर आणि कॉकर स्पॅनियल दोघांतही स्वादुपिंडाला सूज येण्याचं प्रमाण जास्त आढळतं, अशा कुत्र्याच्या पोटात जास्तीचं तेल जाऊ देणं मला मुळीच पटत नाही. माणसांचा शॅम्पूही नको, कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ आणि तिचा पीएच वेगळा. कुत्र्यांचा सौम्य शॅम्पू, मग कंडिशनर, भरपूर पाण्याने धुणं, आणि कोमट हवेच्या ड्रायरखाली विंचरतच मुळापर्यंत वाळवणं. चमक हवी असेल तर ती मुळात पोटातून येते, चांगलं प्रोटीन आणि फॅटी अॅसिड. नीट खाऊनही कोट निस्तेज होत असेल, पातळ होत असेल तर थायरॉईड तपासून घ्या, विशेषतः कॉकर असेल तर.

मशीन कधीच लावू नका असं मी म्हणत नाहीये. अख्ख्या अंगाला नमदा झालाय आणि सोडवताना कुत्रा कळवळतोय, तर केस काढून टाकणं हीच दया आहे. त्वचेचं औषध लावायचंय, फार म्हातारा आहे, तेव्हाही. फक्त गच्च गुंतलेल्या कानांवरचे केस काढल्यावर काही कुत्रे इतकं डोकं झटकतात की कानाच्या पाळीत रक्त साचतं, म्हणून ते काम अनुभवी ग्रूमरकडून, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडून, करून घ्या आणि नंतरचे काही तास लक्ष ठेवा.

कानांच्या इन्फेक्शनचा पाळीच्या बाहेरच्या झालरीशी काही संबंध नाही. ओल आणि कोंडलेली हवा असते ती पाळीच्या खाली, छिद्राजवळ. तिथले केस विरळ केले, आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर कान कोरडे केले तर फायदा होतो. वास आला, तपकिरी मळ दिसला तर घरगुती थेंब घालत बसू नका.

आणि शेवटचा मुद्दा, जो वाचून मला खरंच काळजी वाटली. खाजवतो म्हणून केस काढा. पिसवा, अॅलर्जी, कान हे तर डॉक्टर बघतीलच, पण कॅव्हेलियरमध्ये सिरिंगोमायेलिया नावाचा आजार असतो, मेंदूच्या मानाने कवटीची मागची जागा लहान पडते, द्रवाचा प्रवाह अडतो आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या तयार होतात. असा कुत्रा मान आणि खांद्याजवळ खाजवतो, बऱ्याचदा एकाच बाजूला, पाय हवेतच हलतो आणि कातडीला लागतही नाही, पट्टा घालून चालताना किंवा उत्साहात आला की जास्त. काही जण उचलून घेतल्यावर ओरडतात, काहींना डोकं उंचावर ठेवून झोपायचं असतं. हे दुखणं आहे आणि ते एमआरआयमध्येच नीट दिसतं. असं काही दिसलं तर मानेतला पट्टा काढून हार्नेस घाला, खाजवतानाचा व्हिडिओ काढा, आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जा, मशीन घेऊन ग्रूमरकडे नाही.