गर्दी दिसली म्हणजे मन कळलं का?

परवा फोनवर मावसभाऊ म्हणाला, "अरे कोविडचं काय घेऊन बसलास, इकडे लोक केव्हाच विसरले, लोकल बघ पुन्हा कशी खच्चून भरतेय." हे मी घरून बऱ्याच जणांकडून ऐकलंय आणि दर वेळी मला त्रास होतो, कारण लोकलची गर्दी हा पुरावा कसा काय? 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस होऊन 14 दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जो डब्यात चढला तो भीती गेली म्हणून चढला की पगार थांबला होता म्हणून, हे त्याला कोणी विचारलं?

मी इंग्लंडमध्ये राहतो. इथलं सरकारी सांख्यिकी कार्यालय, ओएनएस, मार्च 2020 पासून सुरुवातीला दर आठवड्याला लोकांना विचारत होतं, की चिंता किती वाटते, एकटं वाटतं का, आणि आयुष्य पूर्वीसारखं कधी होईल असं वाटतं? उत्तरात महिने होते, वर्ष होतं आणि "कधीच नाही" हेही होतं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे प्रश्न तोच ठेवणं, कारण एका आठवड्याच्या आकड्यातून फारसं कळत नाही, पण त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलं की मन कुठे सरकतंय ते दिसतं. 19 जुलै 2021 ला इंग्लंडमध्ये मास्कची सक्ती गेली, पण त्यानंतरच्या आठवड्यांतही बहुसंख्य लोक सांगत होते की आम्ही बाहेर मास्क लावतोय. नियम एका दिवसात गेला, लोक मात्र आपल्या वेगाने चालले होते.

शेजारच्या आजींचे यजमान पहिल्या लाटेत गेले. त्या आता दुकानात जातात, बसने फिरतात, सगळ्यांशी बोलतात, लांबून बघणारा म्हणेल सगळं सुरळीत आहे. मी एकदा त्यांना हाच प्रश्न विचारला, की आयुष्य पूर्वीसारखं कधी होईल असं वाटतं? त्या म्हणाल्या, कधीच नाही.

इथलं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. ओएनएसचा हा सर्व्हे घराघरातल्या लोकांचा, त्यामुळे केअर होममधली म्हातारी माणसं, जिथे इतके मृत्यू झाले, ती त्यात नव्हतीच, आणि हे मला आजही खटकतं.

पण आपल्याकडे काय झालं? मंदिरं उघडा, शाळा उघडा, नाही बंदच ठेवा, महिनोन्महिने हाच वाद, आणि दोन्ही बाजू म्हणायच्या की लोकांना हेच हवंय. चॅनलवरच्या ऑनलाइन पोलला उत्तर देतो कोण, तर ज्याच्या हातात फोन आहे आणि जो आधीच चिडलेला आहे तो, मग त्याला जनमत कसं म्हणायचं? एप्रिल 2022 च्या सुरुवातीला महाराष्ट्रात सगळे निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला आणि विषय संपला असं धरलं गेलं.

आपल्याला पाहणी जमत नाही असं तर अजिबात नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी सुरू केली ती स्वातंत्र्याच्याही आधी, आणि केंद्र सरकारची राष्ट्रीय नमुना पाहणी 1950 पासून चालू आहे. खर्च विचारतो, रोजगार विचारतो, मनाचं तेवढं राहून जातं.

आणि माणसं तर दारात पोचलीच होती की! सप्टेंबर 2020 मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर गेले, ताप मोजला, ऑक्सिजन मोजला, कोणाला शुगर-बीपी आहे ते लिहून घेतलं. पुढच्या साथीत तशीच मोहीम निघाली तर सगळ्या घरांत नको, चिठ्ठी टाकून निवडलेल्या थोड्या घरांत, दर पंधरा दिवसांनी, त्याच शब्दांत एक प्रश्न जास्तीचा विचारा, की तुमचं आयुष्य पूर्वीसारखं कधी होईल असं तुम्हाला वाटतं, आणि त्या जास्तीच्या कामाचे आशाताईंना वेगळे पैसे द्या.