खुलासा : इराकी ज्यूंचा छळ १९४८ नंतरच सुरू झाला?

‘इस्राएल होईपर्यंत इराकमध्ये ज्यूंच्या केसालाही धक्का लागला नव्हता’, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. १ आणि २ जून १९४१ रोजी, म्हणजे इस्राएलच्या स्थापनेच्या सात वर्षं आधी, बगदादमध्ये ‘फरहूद’ (ज्यूंविरुद्धचा हिंसाचार) झाला : सुमारे १८० ज्यू मारले गेले, घरं-दुकानं लुटली गेली. इराकचे पंतप्रधान रशीद अली यांचं नाझीधार्जिणं सरकार नुकतंच कोसळलं होतं, आणि ब्रिटिश फौज शहराबाहेरच थांबून राहिली (हे सोयीस्करपणे विसरलं जातं). अनेक मुस्लिम शेजाऱ्यांनी ज्यूंना घरात लपवलं, हेही तितकंच खरं. आपल्या ससून डॉकशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, त्या ज्यू घराण्याचे डेव्हिड ससून तर बगदादचा ऑटोमन सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचामुळे १८३० च्या सुमारासच बगदादहून निघाले होते.